पाटावरचं पिस्तूल

आमच्या घरात एक पिस्तूल होतं. ते हवं तेव्हा कधी उडालं नाही आणि नको तेव्हा उडायचं कधी राहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मालकांच्या तोंडून ऐकाल तर तुम्हाला वाटेल की साहेबाचं राज्य त्या पिस्तुलानंच घालवलं. दरवर्षी शाळेच्या झेंडावंदनाला त्यांना बोलावतात, शाल घालतात, आणि हे उभे राहून पिस्तुलाबद्दल बोलतात. पोरं डोळे मोठे करून ऐकतात. मी बायकांत बसलेली असते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत असतो.

बेचाळीसची चळवळ पेटली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. पलूसच्या अलीकडं कृष्णाकाठाला आमचं गाव. उसाची जमीन, दोन बैल, आणि घरात तीन माणसं: मालक, मी आणि माझ्या सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणे. मालक चळवळीत शिरले, त्यांच्या नावाचं वॉरंट निघालं आणि ते भूमिगत झाले. रानोमाळ हिंडायचं, कुणाच्या वस्तीवर जेवायचं, कुणाच्या खळ्यात झोपायचं, मधेच कधी तरी घरी डोकावायचं, असं सुरू झालं.

त्या पहिल्या वर्षात पोलीस आले की मालक पळत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, सगळेच पळत. पण आमच्या मालकांसारखं पळणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. जत्रेतल्या शर्यतीत नारळ आणि फेटा दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी मिळू दिला नव्हता. वेशीत पोलीस दिसले की घरामागच्या परड्याच्या भिंतीवरून उडी, उसातून वाट आणि सरळ कृष्णेत. पलीकडच्या काठाला संस्थानची हद्द. इकडचे पोलीस अलीकडं उभे राहून शिव्या देत आणि परत जात. त्या पायांवर माझा पुरा भरवसा होता. मालक एकदा भिंतीवरून पलीकडं गेले की मी निर्धास्त भाकरी थापायला बसे.

मग पिस्तूल आलं.

तासगावच्या एका बोळात इंजिनं दुरुस्त करणारा एक कारागीर होता. त्याच्याकडून चळवळीतल्या लोकांनी चार-दोन पिस्तुलं करून घेतली, त्यातलं एक मालकांच्या वाट्याला आलं. नळी कसल्याशा पाइपाची, मूठ बाभळीच्या लाकडाची, आतली स्प्रिंग कुठल्या यंत्रातून काढलेली होती ते त्या कारागिरालाच ठाऊक. काडतुसं मिळतील तशी मिळत. ती नळीला सैल होत, म्हणून मालक त्यांना कागद गुंडाळून बसवत. एकदा काडतूस भरायचं, एकदा उडवायचं. एवढं साधं काम, पण तेही त्याला जमत नसे.

पहिल्यांदा ते उडवून बघायला आम्ही ओढ्यात गेलो. जेवण घेऊन जायच्या निमित्तानं मीही बरोबर होते. मालकांनी दरडीवर एक फुटकं मडकं मांडलं, एक डोळा मिटला आणि चाप ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्. मग काय करावं या माणसानं? नळी स्वतःकडं फिरवून आत डोकावून पाहिलं! मी किंचाळले तसे ते दचकले, आणि रागानं पिस्तूल बाजूच्या खडकावर आदळलं. तेव्हा ते उडालं. गोळी चुलत सासऱ्यांच्या म्हशीच्या शिंगाचं टोक घेऊन गेली. म्हैस जी उधळली ती पार दुसऱ्या गावच्या शिवारात सापडली. आवाजाचं काय सांगायचं, म्हणून विहिरीचा सुरुंग उडाला असं सांगितलं. शिंगाचं काय सांगायचं ते मात्र कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्यांदा ते घरात उडालं. खुंटीला टांगलेल्या पिशवीत होतं, कुणी हात लावला नव्हता. मांजर खुंटीखालून गेलं एवढंच. गोळी जोंधळ्याच्या कणगीतून आरपार गेली आणि भोकातून जोंधळ्याची धार लागली. आत्याबाईंनी उठून शेणाचा गोळा थापून भोक बुजवलं, दाणे गोळा केले आणि म्हणाल्या, "भरवशाच्या म्हशीला टोणगा." शेणाचा तो ठिपका पुढं कितीतरी वर्षं कणगीवर होता.

पावसाळ्यात पिस्तुलाचा घोडा गंजून घट्ट बसे. दोन्ही अंगठे लावले तरी मागं येत नसे. उन्हाळ्यात तो इतका सैल होई की पिस्तूल हलवलं तरी खुळखुळे. मी त्याला तेल घालायचं, मीच फडक्यात गुंडाळायचं, मीच धान्यात लपवायचं, आणि बिघडलं की तासगावच्या बाजाराला मीच घेऊन जायचं, कारण बाईमाणसाची पाटी पोलीस सहसा उपसत नसत. वांग्यांच्या खाली पिस्तूल आणि ती पाटी डोक्यावर, अशी मी बैलगाडीत बसे. गाडीचं चाक दगडावरून गेलं की मी पाटी दोन्ही हातांनी अधांतरी उचलून धरे. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात. या वस्तूची नुसती अडचणच होती.

त्या कारागिराला तर कशाचंच सोयरसुतक नव्हतं. पिस्तूल हातात घेऊन उलटसुलट केलं, एका डोळ्यानं नळीतून उजेड पाहिला आणि मला म्हणाला, "माल फस्क्लास हाय, बाई. हात बसाय पायजे."

"हात कशाला बसाय पायजे? मांजर खालनं गेलं तवा उडलं की!"

"म्हंजे उडतंय न्हवं?"

मी म्हटलं, "आमची विळी तुमच्या पिस्तुलापरास बरी. कांदा समोर धरला की कापतीय, आन् कोपऱ्यात ठेवली की गप ऱ्हातीय." तो हसला, कानस फिरवल्यासारखं केलं आणि पिस्तूल परत वांग्यांखाली ठेवलं. दुरुस्ती झाली!

इथवर सगळं सोसलं असतं. अशा बिनकामाच्या वस्तू प्रत्येक घरात असतात. पण हे पिस्तूल आल्यापासून मालकांनी पळायचं सोडलं.

शेजारच्या वाडीवर एकदा पोलीस आले. मालक तिथंच होते. बाकीचे उसात पांगले आणि हे गोठ्याच्या भिंतीआड पिस्तूल रोखून बसून राहिले. नशीब म्हणून पोलीस दुसऱ्या आळीनं निघून गेले. मला कळलं तेव्हा मी विचारलं, "तुमी का पळाला न्हाई?"

"हातात हत्यार असताना पळायचं? लोक काय म्हणतील?"

"आन् ते उडलंच न्हाई तर?"

"उडंल. येळंला बरूबर उडंल."

हे त्या मडक्यासमोर उभं राहिलेल्या माणसाचं बोलणं! मी कपाळावर हात मारून घेतला. पोलिसांकडं बंदुका होत्या, सरकारी, चकचकीत, दर खेपेला उडणाऱ्या. हा माणूस त्यांच्या पुढं टक् टक् करत उभा राहणार आणि मरणार, हे मला लख्ख दिसत होतं. पोलिसांची मला इतकी भीती नव्हती. भीती त्या बाभळीच्या मुठीची होती, कारण तिच्यापायी माझा नवरा आपले पाय विसरला होता. बोलून काही उपयोग नव्हता. बोलले की म्हणत, "बायकांना हत्यारातलं काय कळतंय?"

नवरात्र आलं. खंडेनवमीला मालक घरी आले. सणाला माणसं घरी येतात हे पोलिसांनाही ठाऊक असतं, म्हणून मी येऊ नका असा निरोप धाडला होता. पण हे आलेच, आणि भर सकाळी, पिस्तूल कमरेला लावून.

आमच्याकडं खंडेनवमीला शेतीची आणि घरातली सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून पाटावर मांडतात. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, खुरपी, स्वयंपाकघरातली विळी. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आत्याबाईंचा दंडक असा की एकदा पूजा झाली की दसऱ्याला पाट उठेपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही. त्या दिवशी कांदाही चिरायचा नाही. आदल्या दिवशीच सगळं कापून ठेवायचं.

मालकांनी कमरेचं पिस्तूल काढलं आणि पाटावर बरोबर मधोमध ठेवलं. आत्याबाईंनी फाळ हातात धरलेला होता. त्या तशाच थांबल्या.

"हे मदी कशाला? मदी फाळ ऱ्हातोय. फाळानं खायाला घातलंय आपल्याला. ह्यानं काय घातलंय?"

"आई, हे बी हत्यारच हाय."

"मग हत्यारावानी ऱ्हाईल. उद्या पाट उठस्तवर हात लावायचा न्हाई. हाय कबूल?"

"कबूल," मालक म्हणाले. मान मिळतोय म्हटल्यावर त्यांना सगळंच कबूल होतं. आत्याबाईंनी पिस्तुलाला हळदकुंकू लावलं, नळीवर अक्षता टाकल्या आणि झेंडूची माळ सगळ्यांवरून घातली.

दुपारी मालक जेवायला बसले. पहिली पोळी संपली आणि दुसरी मी वाढत होते तेवढ्यात शेजारच्या काकू आपल्या दारातून ओरडल्या, "तांबडा बैल सुटला गं!" त्यांच्याकडं तांबडा बैल नव्हता. पोलीस आले की असं ओरडायचं, हे आळीत ठरलेलं होतं.

मालक ताटावरून उठले ते परड्याकडं गेले नाहीत. पाटाकडं गेले. पुरणाचा हात माळेखाली घालणार एवढ्यात आत्याबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"हात लावशील तर खबरदार!"

"आई, पोलीस आल्यात."

"येऊ देत. पूजंतलं हत्यार हाय ते. कबूल केलंस तू."

"आगं आई..."

"कबूल केलंस का न्हाई?"

साहेबाच्या सरकारला न जुमानणारा माणूस आईपुढं पाय घासत उभा होता. बाहेर बुटांचा आवाज येऊ लागला होता. तोवर मी सासूसमोर नवऱ्याशी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी ओरडले, "आवं, पळा!"

त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पाटाकडं पाहिलं आणि पळाले. भिंतीवरून गेलेली ती उडी मी आजही डोळ्यांपुढं आणू शकते. हात रिकामे, धोतराचा काचा आवळलेला, आणि मागं ऊस सळसळत गेलेला.

जमादार आणि चार शिपाई आत आले. चौघांच्या खांद्याला बंदुका. दोघे परड्यातून उसात घुसले, दोघांनी घर उपसलं. जमादार पाटासमोर उभा राहिला. माळेखालून बाभळीची मूठ बोटभर दिसत होती, विळ्याच्या आणि खुरप्याच्या मुठीशेजारी, तशीच कुंकू लावलेली. त्यानं हातातली काठी माळेकडं नेली. दिसलं तर पंचाईत होतीच, पण काठी लागून ते उडालं असतं तर?

आत्याबाई म्हणाल्या, "जमादार, तुमी आज हत्यारं पुजलीसा का न्हाई?"

"पुजली की. सकाळीच पुजली."

"मग पूजंतलं हलवत न्हाईत, हे तुमास्नी सांगाय नगं."

जमादार आमच्याच भागातला असावा. त्याच्या कपाळावर कुंकू होतं. त्यानं काठी मागं घेतली, पाटाला नमस्कार केला आणि शिपायांना हाक मारून निघून गेला. मूठ त्याला दिसली की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. संध्याकाळी निरोप आला, मालक पैलतीराला पोचले होते.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आत्याबाईंनी पाट उठवला. निर्माल्य नदीत सोडायचं माझ्याकडं होतं. फुलांच्या पाटीत मी ते पिस्तूलही घातलं. घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं कुणी नसतं तिथं गेले. फेकायच्या आधी काय मनात आलं कुणास ठाऊक, मी ते दोन्ही हातांनी धरलं, नदीकडं केलं आणि चाप ओढला. काडतूस आत होतं, काल सकाळीच मालकांनी भरलेलं.

टक्.

पुन्हा ओढला, टक्. तिसऱ्यांदा ओढला, तरी टक्. चार शिपाई आणि त्यांच्यापुढं हा आवाज. मी तिथंच पाण्यात बसले आणि मोठमोठ्यानं रडले. मग उठून ते जेवढं लांब जाईल तेवढं फेकलं.

मालकांना कळलं तेव्हा त्यांनी बरेच दिवस अबोला धरला. त्यांचे सोबती मात्र म्हणाले, "बरं झालं, वयनी. आमच्याकडलं बी न्या." अबोला संपला तरी मालकांचं म्हणणं संपलं नाही. हातात पिस्तूल असतं तर त्या दिवशी दाखवलं असतं, असं ते अजून म्हणतात. झेंडावंदनालाही तेच सांगतात. पाण्यात बसून मी काय ऐकलं ते मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. ते म्हणतात, "तुला ओढता आला नसंल."

आता त्यांचे गुडघे धरलेत. काठीशिवाय उठवत नाही. आत्याबाई गेल्या, पाट मी मांडते. दर खंडेनवमीला फाळाला, विळ्यांना, विळीला हळदकुंकू लावून झालं की मी करंडा घेऊन ओसरीवर येते आणि मालकांच्या दोन्ही पायांना हळदकुंकू लावते, वर अक्षता टाकते. ते मान ताठ करून बसतात. सुना एकमेकींना सांगतात, ह्या वयात सुदिक नवऱ्याला किती मानत्यात बगा. मी त्यांना काही सांगत नाही. आमच्या घरात ऐन वेळी चाललेलं हत्यार तेवढंच आहे, त्याची पूजा करून मी आत जाते.