राजाची अडीच घरं

बुद्धिबळाचा पट कुणी मांडला की मी आजही तिथून उठून जाते. लोकांना वाटतं, म्हातारीला खेळ कळत नसेल. खेळ मला चांगला कळतो. तो मी अकरा पोरांना शिकवला होता, आणि शिकवून त्यांचं वाटोळं केलं.

बालाघाटला तेव्हा आमच्या प्राथमिक शाळेत एकच मराठी वर्ग होता आणि त्याची बाई मी. जुना मध्यप्रांत मोडून बालाघाट हिंदी मध्यप्रदेशात राहिल्याला सहा-सात वर्षं झाली होती. जो तो आपली पोरं हिंदीत घालत होता. माझ्याकडे पहिली ते चौथी मिळून अकरा उरली, बहुतेक राजेगावकडून मजुरीला आलेल्या घरांतली. वर्ग बंद करायचं घाटत होतं. बंद झाला की सगळ्यांना हिंदीच्या पहिलीत बसवणार, असं हेडमास्तरांनी सांगितलं. त्यांत चौथीतली एक मुलगी होती, हिशेबात माझ्याही पुढे धावणारी. तिची आई मला तोंडावर म्हणाली, "बाई, पोरगी पुन्हा पहिलीत बसन तं मी तिले शाळेतून काढतो. धानाच्या रोवण्याले तरी कामी येईन."

हिचं शिक्षण तुटणार, या विचाराने मला अन्न गोड लागेना.

हेडमास्तरांनीच वाट दाखवली. शिक्षण खात्याचे नवे साहेब बुद्धिबळाचे वेडे होते आणि महिनाअखेरीला तपासणीला येणार होते. "मैडम, बच्चों को शतरंज सिखा दो. साहब खुश हुए तो क्लास बच जाएगी." मी लगेच हो म्हटलं. मला हा खेळ बापाने शिकवला होता, मँगनीजच्या खाणीवर, मजुरांच्या चाळीपुढे कोळशाने पट आखून. खेळाचं पुस्तक असतं हेही मला माहीत नव्हतं. बाप सांगेल तो नियम.

वैनगंगेच्या काठची माती आणून आम्ही सोंगट्या केल्या. तीन आठवडे हातात होते आणि पोरांनी माझ्या नाकी नऊ आणले. "बाई, उंट तिरपाच काहून चालते?" उंट त्यांनी पाहिलेला नव्हता, मीही नाही. "प्यादं मांगं काहून येत नाही?" पहिलीतल्या एकाचा हत्ती मारला गेला तर त्याने भोकाड पसरलं आणि हत्ती खिशात घालून घरी निघून गेला. एक दिवस माझा तोल सुटला. मी पट उधळला आणि ओरडले, "तुमच्यासाठीच मरून राह्यली ना मी!" ती मुलगी खाली बसून सोंगट्या गोळा करायला लागली. मला रडू फुटलं, ते मी फळ्याकडे तोंड करून आवरलं.

खेळ आला तो तिलाच. बापाचा एक नियम तिला फार आवडला होता. राजाला जोवर एकदाही शह बसलेला नाही, तोवर त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. सगळ्या डावात एकदाच. "एकच ना, बाई?" तिने तीनदा विचारून घेतलं. "हौ, एकच. जपून ठेव," मी म्हणाले.

साहेब आले. त्यांच्या पेटीत लाकडी सोंगट्या होत्या आणि एक पुस्तक होतं. मी त्या मुलीला पुढे केलं. साहेबांनी पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मागे पोरं कुजबुजली, "बाई, साहेब चुकले! प्यादं तं एकच घर जाते!" मी डोळे वटारून त्यांना गप्प केलं. मनात मात्र पाल चुकचुकली.

पोरगी सुरेख खेळली. साहेबांचा हत्ती तिने उचलला तेव्हा ते हसून "वाह" म्हणाले, हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, आणि मला वाटलं, वाचलो. मग साहेबांनी एकही शह न देता तिच्या राजाला कोंडत आणलं. पुढच्या चालीला मात होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, राजा उचलला आणि घोड्याच्या चालीने दूरच्या मोकळ्या घरात नेऊन ठेवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांचं हसू गेलं. "यह क्या है? राजा ऐसे चलता है? किसने सिखाया?"

त्यांनी पुस्तक उघडून पुढे धरलं. त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात होतं. राजाच्या उडीचं नाव नव्हतं. बापाचा खेळ आमच्याकडचा जुना गावठी खेळ होता, हे मला त्या क्षणी कळलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, 'साहेब, मी शिकवलं.' माझी नोकरी कच्ची होती. मी पुस्तकाच्या पानाकडे बघत राहिले.

हिंदी येत नाही म्हणून जिला पहिलीत बसवणार होते, ती मुलगी उभी राहिली आणि स्वच्छ हिंदीत म्हणाली, "मैंने बेईमानी की, सर. बाई ने नहीं सिखाया."

तरीही मी बोलले नाही.

साहेबांनी पेटी मिटली. पंधरवड्यात वर्ग बंद झाल्याचा कागद आला. मला मात्र हिंदी शाळेत शिवणकाम शिकवायला ठेवून घेतलं.

रोवणीच्या दिवसांत त्या मायलेकी मला बाजारात भेटल्या. मुलीच्या पायांना पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. आईने हात जोडले. "बाई, या पोट्टीनं बेइमानी केली अन् साऱ्या पोरांचा वर्ग गेला. तुमची मान खाली गेली. लय मारलं मी तिले. माफ करा."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने आईला खरं सांगितलेलं नव्हतं, आणि आताही सांगणार नव्हती.

मी म्हणाले, "जाऊ द्या. लहान आहे."