जेसीबी की पोकलेन

नेवाशाजवळच्या एका कामावर आज ओल्या काळ्या मातीचा आणि डिझेलचा एकत्र वास आला, आणि मनानं मी थेट आमच्या जुन्या रानात जाऊन उभा राहिलो.

तेव्हा तिथं शेततळं खोदायचं होतं. पोकलेन साखळ्यांवर चालतं, चिखलाला जुमानत नाही. पण ते येणार आप्पाकाकांच्या बांधावरून. वडील आणि आप्पाकाका सख्खे भाऊ, सहा वर्षं बोलत नव्हते.

"जेसीबीच आण," वडील मला म्हणाले.

चिंचोळ्या वाटेनं जेसीबी आला आणि तासाभरात चारही टायर रुतले. सगळी वस्ती बघायला जमली. वडील निवांत तंबाखू मळत बसले. मला त्यांची लाज वाटली.

शेवटी आप्पाकाका खोरं घेऊन आले. "वल्या रानात टायरचं मशीन घालतंय. तुज्या बापाला कवा अक्कल येनार?" असं मलाच सुनावत त्यांनी स्वतःचा बांध फोडला. "आन पोकलेन. आन बापाला म्हनावं, च्या टाक."

आज माझी स्वतःची दोन पोकलेन आहेत. खोदायच्या रानाला आधी कुणी पाणी देत नाही, हे मला आता कळतं. वडिलांनी जेसीबी यायच्या आदल्या दिवशी स्वतः दारं धरून ते रिकामं रान भिजवलं होतं.