सातव्या तुकड्याचा श्वास

आमच्या मातीच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे थेंबेकाका म्हणायचे. आडनाव थेंबे नव्हतं. ब्युरेटच्या नळीतून आम्ल सोडताना ते स्वतःशीच "अजून एक थेंब, अजून एक थेंब" असं पुटपुटायचे, त्यावरून कुणीतरी चेष्टेने ठेवलेलं नाव. ते असं चिकटलं की हजेरी घेणारा कारकूनही तेच पुकारायचा. सव्वीस वर्षं ते खिडकीखालच्या एकाच टेबलापाशी उभे राहून काम करत आले. मी कितीदा स्टूल पुढे सरकवलं असेल. "नको मॅडम," म्हणायचे, "बसलं की माणूस अंदाज करायला लागतो."

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकंटाळवाणं. मूठभर मातीत डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जीव असतात. त्यातले जिवंत किती, हे ओळखायची एक जुनी रीत म्हणजे त्यांचा श्वास मोजायचा. माती काचेच्या बरणीत घालायची, आत कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची छोटी वाटी ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. आठवडाभर ते जीव जो श्वास सोडतात, तो त्या पाण्यात अडकतो. गुरुवारी वाटीतलं पाणी फ्लास्कमध्ये ओतून त्यात एक क्षार आणि रंगाचे दोन थेंब टाकले की पाणी दुधाळ होतं आणि त्याला फिकट गुलाबी छटा येते. मग त्यात आम्ल थेंब थेंब सोडायचं आणि गुलाबी गेला रे गेला की थांबायचं. आम्ल जितकं कमी लागेल, तितका श्वास जास्त.

सोबत तीन रिकाम्या बरण्या असायच्या. माती नाही, फक्त वाटी. बरणीतल्या साध्या हवेतही थोडा तोच वायू असतो, म्हणून रिकाम्या बरणीचा आकडा आधी काढायचा आणि बाकीच्यांचा हिशेब त्यावरून करायचा. नवीन माणसाला काका पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. "रिकामी बरणी म्हणजे आपली साक्षीदार," ते म्हणायचे. "ती चुकली तर सगळेच खोटे."

शेजारच्या खोलीत डीएनए वाचायचं यंत्र आलं तेव्हा तिथली मुलं काकांची टर उडवायची. "काका, आमचं यंत्र मातीतल्या एकेकाचं नाव सांगतं. तुमची बरणी नुसतं हूं म्हणते."

"मेलेल्यांचीही नावं सांगतं तुमचं यंत्र," काका शांतपणे म्हणायचे. "श्वास जिवंताचाच मोजता येतो." आणि ते खरंच होतं.

इमारतीच्या मागे जमिनीचे आठ तुकडे आखलेले होते. सातवा तुकडा आमच्या पहिल्या साहेबांनी मुद्दाम मारलेला. त्यात कारखान्यातला जड धातूंचा गाळ ओतला आणि ही माती पुन्हा कधी जिवंत होते ते बघायचं ठरवलं. साहेब निवृत्त झाले, वारलेही, पण सातवा काही उठेना. इतर तुकड्यांत रिकाम्या बरणीपेक्षा आठ-दहा मिलिलिटरचा फरक यायचा, सातव्यात जेमतेम अर्धा. म्हणजे दहा थेंब. वर्षानुवर्षं दर गुरुवारी काकांनी ते दहा थेंब रजिस्टरात लिहिले. त्यांची ऐट एकाच गोष्टीची. "माझ्या रजिस्टरात ऐकीव आकडा एकही नाही," असं ते कुणालाही छातीवर हात ठेवून सांगायचे.

मग काकू आजारी पडल्या. काकू म्हणजे त्यांची बायको, घरी शिवणकाम करायच्या. फुप्फुसं हळूहळू दगडासारखी होत जातात असा काहीतरी आजार. डॉक्टरांनी दोन वर्षं दिली होती आणि काकूंनी ती पुरेपूर घेतली. पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र दिवसरात्र घुरघुरायचं. मी भेटायला गेले त्या दिवशी योगायोगाने गुरुवार होता. काका माझ्याबरोबरच आले, आणि चप्पल काढायच्या आतच काकूंनी नळीतून दम खात विचारलं, "आज सातव्याचं काय?"

"पॉइंट सात!" काका दारातूनच म्हणाले. लहान मुलाने पहिला नंबर सांगावा तसं.

"वाढला म्हणायचा," काकू म्हणाल्या आणि हसल्या.

सातव्याचा श्वास खरंच वाढत होता. पॉइंट सहा, मग सात, मग आठ. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. तीस वर्षं मेलेली माती आपोआप जिवंत होतेय, आणि ते माझ्या कारकिर्दीत! मी अहवाल लिहिला, बैठकीत आलेख दाखवला, टाळ्या घेतल्या. घरी काकू त्या आकड्यांवर जगत होत्या असं काकांना वाटायचं. "तो श्वास घेतोय तर मीही घेईन, असं म्हणते ती," ते एकदा मला म्हणाले आणि पटकन पाठ फिरवून बरण्या पुसायला लागले. शेवटच्या गुरुवारी आकडा एक पॉइंट एक होता. शनिवारी काकू गेल्या.

काका दोन आठवडे रजेवर गेले. बरण्या थांबत नाहीत, म्हणून गुरुवारी मी स्वतः उभी राहिले. कित्येक वर्षांनी ब्युरेट हातात धरलं. आधी रिकाम्या बरण्या केल्या, चोवीस पॉइंट सहा, नेहमीसारख्याच. मग सातवा. गुलाबी जाईना. काकांच्या आकड्याच्या पुढे मी थेंब टाकत राहिले आणि बाराव्या थेंबाला पाणी पांढरं झालं. फरक अर्धा मिलिलिटर. सातवा होता तसाच मेलेला होता.

पुन्हा केलं, पुढच्या गुरुवारी पुन्हा केलं. तेच.

मी तशी फटकळ. जे असेल ते समोरच्याच्या तोंडावर सांगते, त्यापायी माणसंही तोडली आहेत. पण तेव्हा माझी हिंमत झाली नाही. काका रुजू झाले त्या गुरुवारी मी चोरून त्यांची परीक्षा घेतली. रिकाम्या बरणीची वाटी सातव्याची म्हणून त्यांच्यापुढे ठेवली. ते वाकले, "अजून एक थेंब, अजून एक थेंब" झालं, आणि त्यांनी तोटी बंद केली.

"झालं," ते म्हणाले. "चोवीस."

माझ्या डोळ्यांसमोर फ्लास्कमधलं पाणी स्पष्ट गुलाबी होतं. "काका," मी म्हटलं, "अजून गुलाबी आहे."

"नाही मॅडम, पांढरंय की." त्यांनी फ्लास्क खिडकीकडे धरला, मग माझ्याकडे बघितलं. मी बारा थेंब टाकून दाखवले, तेव्हा कुठे माझ्या लेखी ते पांढरं झालं. त्यांच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. इतर तुकड्यांच्या आठ-दहा मिलिलिटरमध्ये दहा-बारा थेंब कुणाच्या लक्षात आले नसते. सातव्याचा मात्र श्वास तेवढ्याने दुप्पट झाला.

"पण तुम्ही रिकाम्या करत होतात ना?" मी विचारलं. "डोळ्यांची चूक त्यांच्यातही आली असती. वजाबाकीत कळलं असतं."

काका स्टुलावर बसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

"नाही केल्या," ते म्हणाले. "दोन वर्षं नाही केल्या. नेहमी चोवीस पॉइंट सहाच यायचे, तेच लिहीत गेलो. पाऊण तास वाचायचा. साडेचारची बस मिळायची. ती वाट बघत असायची हो."

ती पानं मीही बघितली होती. चोवीस पॉइंट सहा, चोवीस पॉइंट सहा, शंभर आठवडे, एका थेंबाचाही फरक नाही. अशी कुठली बरणी असते? नवीन मुलाने लिहिलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण मला हवा तो निकाल मिळत होता, म्हणून मी डोळे मिटून सही केली. आमच्या दोघांत डोळे कुणाचे गेले होते हे मला अजून ठरवता येत नाही.

मी अहवाल मागे घेतला. काकांनी रजिस्टर मागितलं. "मी लिहिलंय, मीच खोडतो," ते म्हणाले. पुढच्या सोमवारी ते पट्टी आणि लाल पेन घेऊन बसले. मी समासात 'रद्द' लिहीत होते, ते बोटाने चाचपत एकेका आकड्यावर पट्टी ठेवून रेघ मारत होते. त्यांची मुलगी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला आली होती, ती दाराशी उभी होती. तिला मी सगळं सांगितलं होतं.

शेवटच्या पानावर काकांचा हात थांबला. एक पॉइंट एक.

"हा राहू देऊ का?" ते म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "नाही, नको. पण तिला मी खोटं सांगून पाठवलं हो. शेवटचं बोलणं, तेही खोटं."

"बाबा," मुलगी म्हणाली, "आईला माहीत होतं."

काकांनी मान वर केली.

"माझ्या बाळाचं झबलं शिवत होती. तुमच्याकडे गुलाबी दोरा मागितला, तुम्ही पांढरा दिलात. परत मागितला, परत पांढरा. तिने गुपचूप तोच ओवला. मला म्हणाली, यांना गुलाबी दिसेनासा झालाय गं, मग त्या मातीचे आकडे कुठले खरे असायला? डोळे दाखवायला ने त्यांना, पण मी गेल्यावर."

"गेल्यावर का?" मी विचारलं.

मुलीने ओढणीने डोळे पुसले. "म्हणाली, आठवडाभर तोंड पाडून बसलेले असतात. एका गुरुवारीच दारातून हसत येतात. तेवढं राहू दे."

काका त्या पानाकडे बघत राहिले. "म्हणजे माहीत असून विचारायची," ते म्हणाले, "आज सातव्याचं काय, म्हणून." त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. त्यांनी पट्टी ठेवली आणि सावकाश, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ ओढली.

"मॅडम, बघा हो," ते म्हणाले. "मला दिसत नाहीये. आकड्यावर पडली ना?"

रेघ आकड्याच्या खालून गेली होती.

"पडली, काका," मी म्हटलं आणि रजिस्टर मिटलं.