जावयाच्या घड्याळाची ड्युटी

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतो. असला गाढवपणा मी आयुष्यात एकदाच केला, आणि तोसुद्धा नीट हिशेब करून.

नाशिक रोडच्या आमच्या ऑफिसात कोणी परदेशातून काही मागवलं, की कस्टम ड्युटी किती लागेल ते मला विचारायचे. मी चहा संपायच्या आत आकडा सांगायचो. डोक्यात हवा जाणार नाही तर काय?

मुलीचा, मनूचा, पहिला दिवाळसण. जावयासाठी परदेशी साइटवरून सहा हजारांचं घड्याळ मागवलं. दिवाळीला तो आमच्याकडेच येणार होता, पण चार भिंतींत दिलेलं घड्याळ बघणार कोण? म्हणून पत्ता थेट घोटीचा, मनूच्या सासरचा टाकला. मग आणखी शहाणपण सुचलं, सासरचे बिलही वाचणारच. विकणाऱ्याला लिहिलं, "बिलावर साठ हजार टाका." तो बिचारा गोंधळला. लोक म्हणे किंमत कमी लिहायला सांगतात.

ड्युटी मात्र मी खऱ्या सहा हजारांवर काढली आणि अडीच हजार मनूला आधीच पाठवून दिले. कस्टमवाले बिल वाचतात, हे ऑफिसातल्या या पंडिताच्या डोक्यातच आलं नाही.

धनत्रयोदशीला मनूचा फोन. "बाबा, कुरिअरवाला पंचवीस हजार मागतोय."

"घेऊ नकोस. परत पाठव."

"नानांनी भरले पण."

नाना म्हणजे तिचे सासरे. घोटीत तांदळाचं लहानसं दुकान. त्यांनीच फोन घेतला. "पाहुणे, मनाला लावून घेऊ नका. येवढी भारी वस्तू हाय, सरकार सोडील का? लय केलं तुम्ही पोरासाठी."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मुलीचं सासर ते. मिटलं. पैसे पाठवले, तर नानांनी ते परत केले. लेकीच्या बापाकडून घेत नाय म्हणाले.

दुपारी मनूने साइटवरची खरी किंमत शोधून मला फोटो पाठवला.

दिवाळी झाल्यावर घोटीला गेलो. घड्याळ कपाटात, कुलपात. एवढं महागाचं कोण घालणार? नानांनी आलेल्या लोकांसमोर खिशातून ड्युटीची पावती काढली. "नुसता टॅक्सच पंचवीस हजार! असे व्याही मिळायला नशीब लागतं." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मनूने चहा आणला. माझ्या चहात साखर नव्हती, आणि ती काही विसरली नव्हती. मी कप शेवटपर्यंत संपवला आणि चहा छान झालाय म्हणालो.