भागूबाईंचा मेणा

भाटिया आंटींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघत होते, एक पाय सँडलमध्ये आणि एक बाहेर. "बेटा, तेरी मासी दरवाज़ा नहीं खोल रही. अख़बार भी बाहर पड़ा है, दूध भी," त्या म्हणाल्या, आणि मग अगदी हळू आवाजात, "तू आ जा." या आंटी मावशीच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि त्यांचा आवाज एरवी लिफ्टमधूनही ऐकू येतो. त्या हळू बोलल्या तिथेच मला कळायला हवं ते कळलं. मयूर विहारपासून गाझियाबादेतल्या वैशालीपर्यंतचा रस्ता मी झोपेतही ओळखते, पण त्या सकाळी गाजीपूरच्या सिग्नलला उभी असताना पुढे कुठे वळायचं तेच मला आठवेना. मागच्या सीटवर मावशीचा चॉकलेटी स्वेटर घडी घालून ठेवलेला होता. भर उन्हाळ्यातही तो तिथेच असायचा, कारण "तुझ्या गाडीचा एसी म्हणजे शिमला आहे यार!" आरशात तो दिसत राहिला आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत राहिले.

दुसरी किल्ली माझ्याकडेच होती. मावशी पलंगावर कुशीवर झोपली होती, झोपेतच गेली असं नंतर डॉक्टर म्हणाले. मी किंचाळले नाही, रडलेही नाही. दारातच खाली बसले, आणि बसल्यावर समोर दिसली ती भागू, मावशीची मांजर. कपाटाशेजारच्या आपल्या पेटीत ती अगदी मागच्या भिंतीला चिकटून बसली होती, डोळे नुसते काळेभोर. कुणी तिला आत घातलं नव्हतं. घाबरल्यावर कुठे जायचं हे मावशीने तिला शिकवून ठेवलं होतं, आणि ती गेली होती. मला मात्र कुठे जायचं ते कळत नव्हतं.

माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण. सरकारी नोकरीत सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेली, लग्न न केलेली, आणि 'का नाही केलंस' असं विचारणाऱ्याला "फाइल अजून वरून आली नाही" असं उत्तर देणारी. आई गेल्यावर माझं हक्काचं माणूस ही एकटीच उरली होती. मी लहानपणापासून भित्री. पाल, लिफ्ट, रक्ततपासणी, बॉसची केबिन, सगळ्याची भीती. मावशी मला 'भित्री भागूबाई' म्हणायची. पुढे तिच्या घरी ती करडी मांजर आली तेव्हा ते नाव तिने बिनदिक्कत मांजरीला देऊन टाकलं आणि मला म्हणाली, "तुला प्रमोशन. आता तू सीनियर भागू."

ही ज्युनियर भागू सापडली ती त्यांच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, जानेवारीच्या कडाक्यात, कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटखाली. पिल्लू उबेला आत शिरलं होतं आणि माणूस दिसला की आणखी आत जात होतं. गार्ड काठी घेऊन आला, मुलांनी टाळ्या वाजवून पाहिल्या, भाटिया आंटींनी दूध ठेवलं. मावशीने सगळ्यांना घालवलं, एक फोल्डिंगची खुर्ची आणली आणि गाडीकडे पाठ करून मेथी निवडत बसली. मोठ्याने पेपर वाचायची, बातम्या, लग्नाच्या जाहिराती, जे समोर येईल ते. अधूनमधून वळायची, पिल्लाकडे तिरकं बघून सावकाश डोळे मिटायची आणि सावकाश उघडायची. मी विचारलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाली, "घाबरलेल्याकडे टक लावून बघायचं नसतं गं. त्याला वाटतं आपल्याला खाणार. आपण आपलं काम करत बसायचं, ते येतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पिल्लू तिच्या मेथीच्या देठांवर येऊन बसलं.

मांजर डॉक्टरकडे न्यायची प्लास्टिकची पेटी असते, जाळीच्या दाराची, तिला मावशी 'मेणा' म्हणायची. आम्ही दिल्लीत वाढलेली पोरं, मला तो शब्द माहीत नव्हता. "पडदा लावलेली पालखी," तिने सांगितलं, "बड्या घरच्या बायका यातून जायच्या. आमच्या भागूबाईही त्यातूनच जातात." इतर लोक ती पेटी माळ्यावर टाकतात आणि इंजेक्शनच्या दिवशी खाली काढतात. मग पेटी दिसली रे दिसली की मांजर पलंगाखाली. मावशीचा मेणा बाराही महिने कपाटाशेजारी उघडा असायचा. आत तिची वापरलेली सुती साडी, आणि भागूचं जेवणसुद्धा तिथेच. गाडीची सवय व्हावी म्हणून ती मेणा घेऊन नुसती गाडीत बसायची. मग सोसायटीला एक चक्कर, मग सेक्टरच्या मार्केटपर्यंत, घरी आल्यावर चिकनचा तुकडा. खरोखर डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तेव्हा वर टॉवेल टाकून गेली, आणि डॉक्टर म्हणाला, "आंटी जी, इतनी शांत बिल्ली मैंने कम देखी है." मावशी अशी काही फुलली की जणू मीच डॉक्टर झाले होते.

पण भागूची पहिली दिवाळी मी विसरू शकत नाही. अंधार पडायच्या सुमारास खाली कुणीतरी मोठी माळ लावली. मी स्वयंपाकघरात अनारसे तळत होते. भागू माझ्या पायांतून गेली, खिडकीची सैल जाळी ढकलून बाहेर, आणि एसीचं मशीन ठेवतात त्या कट्ट्यावर. नववा मजला. खाली फटाके, धूर, आणि ती त्या मशीनमागे अंगाचा गोळा करून बसलेली, शेपटी कट्ट्याच्या बाहेर लोंबकळत असलेली. मी ओरडले, "भागू, भागू!" आणि ती आणखी कडेला सरकली. मावशीने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिचा तो हात थंडगार पडला होता, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हीसुद्धा घाबरते. तिने गॅस बंद केला, दिवा मालवून फक्त बाहेरच्या खोलीतला ठेवला, खिडकी पूर्ण उघडली, खिडकीखाली पाठ करून फरशीवर बसली आणि मटार सोलता सोलता पेपर वाचायला लागली. आवाज अगदी रोजचा. मी तिच्यासमोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तोंडाने ती एका वराची उंची आणि पगार सांगत होती... किती वेळ गेला कोण जाणे. मग तिच्या खांद्यावर एक पंजा आला. भागू उतरून सरळ मेण्यात गेली, आणि मावशीने खिडकी लावून घेतल्यावर मगच रडायला सुरुवात केली.

त्यानंतर दरवर्षी गणपती बसले की तिची तालीम सुरू व्हायची. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज, आधी इतका बारीक की मला ऐकूच येऊ नये, आणि त्याच्याबरोबर चिकन. हळूहळू आवाज एक-एक घर वर. जाळ्या पक्क्या झाल्या, पडदे जाड झाले. भाटिया आंटी म्हणायच्या, "तेरी मासी सितंबर में दिवाली मनाती है." एकदा मी तिच्याकडे असताना भूकंप झाला. पंखा झोकांड्या खायला लागला, जिन्यात धावाधाव, आणि मी भिंतीला खिळलेली. तिने मला दंडाला धरून जेवणाच्या टेबलाखाली बसवलं, झोपलेल्या भागूसकट मेणा माझ्या मांडीवर दिला आणि आपला पदर आधी मेण्यावर आणि मग माझ्या डोक्यावर टाकला. "बिल्कुल काही करू नकोस," ती म्हणाली, "धीरबीर धरू नकोस. नुसती बस. डोळे मीट, हळू उघड." धीर धर असं मला जन्मभर सगळ्यांनी सांगितलं होतं. नुसती बस असं सांगणारी ती एकटीच.

ती गेली ते अनंत चतुर्दशीनंतर लगेचच. यंदाची तालीम अर्ध्यावर राहिली. नाशिकहून मामा आणि मामी आले, सगळं त्यांनी निभावून नेलं. भागू दिवसभर मेण्यात असायची, पण संध्याकाळी चार घास खायची, मावशीच्या साडीत तोंड खुपसून झोपायची. दहाव्याला मामा आणि मी ब्रजघाटला गंगेवर गेलो, मामी घरी थांबल्या. परतलो तेव्हा दारातच फिनेलचा वास आला. आमच्याकडे सुतक फिटलं की घर धुतात, अंथरूण-पांघरूण धुतात, गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात. मामींनी एकटीने ते सगळं केलं होतं. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे बाल्कनीत टपकत होते, साड्या गुरुद्वारात पोचल्या होत्या, आणि मेणा साबणाने घासून, पुसून माळ्यावर चढला होता. आतली साडीही धुतली होती. मामींचे डोळे रडून सुजलेले होते. "तिचं घर लखलखीत केलं गं," त्या म्हणाल्या. त्यांनी बहिणीच्या मायेने केलं होतं.

भागू वॉशिंग मशीनमागे होती. मी मेणा खाली काढून उघडा ठेवला, तिने वास घेतला आणि मागे सरली. त्या संध्याकाळी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. घरभर फिरून ती कोपरे हुंगायची, पलंग, खुर्ची, चपलांची जागा, आणि मग असा एक आवाज काढायची की मामा उठून बाहेर जायचे. डॉक्टर फोनवर म्हणाला, "मैडम, बिल्ली ज़्यादा दिन भूखी नहीं रह सकती, लिवर पर असर आता है. कुछ भी करके खिलाइए." कुछ भी म्हणजे काय? मासे आणले, चिकन उकडलं, बोटाने चाटवून पाहिलं. मामा-मामी परत गेले, जाताना मामी म्हणाल्या, "कुणाला तरी देऊन टाक, तू आधीच काळजी करणारी." मी ऑफिसात रजा टाकून तिथेच राहिले. मावशी गेली ते मला अजून नीटसं खरं वाटत नव्हतं, पण हीही गेली तर ते खरं होणार होतं. मला दुसरी कसलीच एवढी भीती वाटली नव्हती. मशीनमागे हात घालून ती श्वास घेतेय ना, हे मी पुन्हा पुन्हा पाहत होते.

तिच्या औषधाला म्हणून गाडीत बसले, मागे वळून गाडी रिव्हर्समध्ये घेतली, आणि स्वेटर दिसला. सीटवर, तशीच घडी. मी तो उचलला. खोबरेल, ओवा, आणि ती गुडघ्याला लावायची ते लवंगेचं तेल... मावशी. पार्किंगमध्ये गाडी आडवी सोडून मी त्यात तोंड खुपसून रडले, मागून हॉर्न वाजत होते. मग एकदम सुचलं, यात आपलं नाक पुसता कामा नये. छातीशी न लावता, दोन बोटांनी धरून वर नेला.

मेण्यात अंथरला, वाटी शेजारी ठेवली आणि पाठ करून बसले. मेथी नव्हती म्हणून जुन्या पेपरची पानं जुळवत वाचत राहिले. माझा आवाज कापत होता. मागे काही हलेना. मग नखं फरशीवर वाजली. थांबली. पुन्हा वाजली. मी वळले नाही. मेण्यात खुडबुड झाली, बराच वेळ शांतता, आणि मग वाटी चाटण्याचा आवाज. मी वरांची उंची वाचत राहिले, अक्षरं दिसत नव्हती तरी.

दिवाळीला आम्ही दोघी तिथेच होतो. तालमीचा अर्धा राहिलेला भाग मी पूर्ण केला होता, दुसऱ्या खोलीतून, माझ्या मोबाइलवर, कारण पहिले काही दिवस मलाच दचकायला व्हायचं. त्या संध्याकाळी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, जाळ्या तीनदा तपासल्या आणि मटार घेऊन मेण्यासमोर पाठ करून बसले. पहिली माळ लागली तेव्हा माझ्या हातातून दाणे सांडले. मनात तो कट्टा, ती लोंबकळणारी शेपटी. वळून बघावं असं इतकं वाटत होतं! नाही वळले. डोळे मिटले, हळू उघडले. धीरबीर धरला नाही, नुसती बसले. बऱ्याच वेळाने पाठीला काहीतरी टेकलं. स्वेटरची एक बाही ओढून घेऊन ती मेण्याच्या दाराशी आली होती आणि माझ्या कमरेला टेकून बसली होती, थरथरत. मीही थरथरत होते.

आता भागू आणि मेणा माझ्याकडे मयूर विहारला आहेत. मेणा कपाटाशेजारी, उघडा. मामी फोनवर विचारतात, तो स्वेटर धुतलास का गं, आणि मी हो म्हणते. त्याला आता मांजरीचे केस लागलेत, माझ्या घराचा वासही येऊ लागलाय. एक दिवस त्यातली मावशी संपेल, हे मला कळतं, आणि त्या दिवसाची मला फार भीती वाटते. रोज ऑफिसला निघताना, सँडल घालायच्या आधी, मी खाली बसते आणि मेण्यात डोकं घालते. भागू जागा करून देते. आज सकाळीही घातलं.

अजून आहे.