जावयाच्या हातचा नारळ

माझ्या थोरल्या मेहुण्यांनी आयुष्यात ज्या एकाच माणसावर कधी आवाज चढवला नाही तो माणूस मी, आणि त्यांच्या संतापाला ज्याच्याइतका पात्र दुसरा कोणी नव्हता तोही मीच. त्यांच्या नव्याकोऱ्या बोटीला माझ्या हातून तडा गेला, मी तो झाकला, आणि बोलणी भलत्याच माणसाने खाल्ली. ही गोष्ट मी दसऱ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पोटात ठेवली होती.

माझी पत्नी त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. दादा बोरिवलीला राहतात. अंधेरीच्या एका कारखान्यात त्यांनी यंत्रांच्या देखभालीचे काम केले आणि त्या काळात यंत्रांवर जेवढी माया केली तेवढाच माणसांवर राग केला. ज्या दिवशी ते कोणावर ओरडत नाहीत त्या दिवशी घरात थर्मामीटर शोधला जातो. निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रेला जातात. दादांनी चार माणसे बसतील एवढी पांढरीशुभ्र फायबरची मोटारबोट घेतली. बोरिवलीच्या सोसायटीत स्कूटर उभी करायला जागा नाही, तेव्हा बोट राहिली खाडीपलीकडे मनोरीला, पास्कलच्या अंगणात. पास्कल हा त्यांचा कारखान्यातला जोडीदार. दोघे एकाच खात्यात वाढले, एकाच डब्यात जेवले आणि रोज एकदा तरी भांडले.

बोट घेणाऱ्याला समुद्र दिसतो. दादांना फक्त मीठ दिसे. फेरी मारून आले की इंजिनाच्या पोटातले खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढायचे, हा त्यांचा पहिला धर्म. त्यासाठी अंगणात एक पिंप होते. इंजिन त्यात बुडवून चालू करायचे आणि बाजूच्या भोकातून बारीक धार सुटते की नाही ते बघायचे. आईने तापलेल्या लेकराच्या कपाळाकडे बघावे तसे दादा त्या धारेकडे बघत. एकदा पास्कलने पिंप अर्धेच भरले. "अर्धी आंघोळ करतोस का रे तू कधी?" दादा गरजले. पास्कल शांतपणे म्हणाला, "पाणी नव्हतं तर तीपण नाय केली. आज पण नाय केली. जरा लांब उभा राहा ना."

बोटीत अनवाणी चढायचे. गाद्या उन्हात वाळवल्याशिवाय ताडपत्री घालायची नाही. तळाशी पाणी काढायला एक भोक असते, त्याचे बूच बोट पाण्यात सोडण्यापूर्वी स्वतः दादाच लावत आणि बाहेर काढल्यावर ते खिशात घालून घरी नेत. जगात दुसऱ्या कोणाला बूच लावता येते यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलुंडच्या एका लग्नात आहेराचे पाकीट काढताना त्यांच्या खिशातून ते बूच नवरीच्या ओंजळीत पडले. नवरीने ते वाकून कपाळाला लावले. दादांनी ते परत मागून घेतले आणि वर तिलाच सुनावले, "तेलकट हात लावू नकोस, रबर खराब होतं." बोटीवर बसणाऱ्या कावळ्यांना ते नावानिशी शिव्या देत. कोणी "मायलेज किती देते हो?" असे विचारले, तर त्या गृहस्थाचे घराणे उद्धारले जाई.

या सगळ्या आगीत मी मात्र कोरडा. कारण मी जावई. बहिणीच्या नवऱ्याला उलट शब्द बोलायचा नाही, हे दादांच्या घरात देव्हाऱ्याइतके पक्के. एकदा मी चिखलाचे बूट घालून सरळ बोटीत चढलो. दादांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर उडू लागली, आणि तोंडातून शब्द आले ते असे : "असू द्या, जावईबापू. आपण बसा." मग ते वळले आणि पास्कलवर कडाडले, "पाहुण्यांना पाय पुसायला फडकं देता येत नाही तुला?" माझ्या प्रत्येक चुकीचे माप अशा रीतीने पास्कलच्या पदरात पडे. मला त्याचा राग येई; आधी दादांचा, मग त्या रिवाजाचा आणि शेवटी, फडके हातात घेऊन गप्प बसणाऱ्या माझा. राग येत असे आणि मी बसूनही राहत असे. सौम्य माणसे अशीच असतात. त्यांचा राग कोणाच्या उपयोगी पडत नाही.

दसऱ्याला पत्नीने बोटीची पूजा करायची ठरवले. दादा म्हणाले, "पूजा कर, पण लांबून. नारळ खाली दगडावर. आणि तो जावईबापूंच्या हातून." पास्कलने बोटीच्या नाकाखाली दगड आणून ठेवला. पत्नीने तेलात कालवलेल्या कुंकवाने नाकावर स्वस्तिक काढले, झेंडूचा हार घातला. मी नारळ आपटला, तो फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला, तो दगडावरून उडून पास्कलच्या कोंबड्यांत गेला. "सायेब, शेंडी धरून मारा," पास्कल म्हणाला. "सावकाश, जावईबापू," दादा दात आवळून म्हणाले. माझे कान तापले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बायकोच्या माहेरच्या देखत नारळ फुटू नये, याची नामुष्की ज्याने भोगली आहे त्यालाच कळेल. तिसऱ्यांदा मी हात डोक्यावर नेला आणि डोळे मिटून घाव घातला. नारळ वाटेत बोटीच्या नाकावर बसला आणि मग दगडावर. फुटला. सगळ्यांचे डोळे पाण्याच्या शिंतोड्यांकडे होते; तो पहिला आघात कळला फक्त माझ्या मनगटाला.

खोबरे वाटण्याच्या गडबडीत मी वाकून पाहिले. स्वस्तिकाच्या एका पायालगत नखाएवढी चीर पडली होती. वाटीत कुंकू उरले होते. मी बोटाने ते स्वस्तिकाचा पाय लांबवीत त्या चिरेवर फासले, दाट, आणि हात जोडले. बघणाऱ्याला मी भाविक वाटलो असेन.

त्यानंतर दादांनी बोट किती वेळा धुतली असेल, ते खारा वाराच जाणे. पण त्यांचे फडके त्या स्वस्तिकाला वळसा घालून जाई. त्या बोटीवर त्यांनी खपवून घेतलेला तेवढा एकच डाग. "बहिणीच्या हातचं आहे ते," ते म्हणत. "लाटांनी जाईल तेव्हा जाईल." आणि त्या डागाखाली चिरेतून खारे पाणी मुकाट्याने फायबरच्या आत झिरपत राहिले.

पावसाळा तोंडावर आला. आता बोट बाहेर काढून, घासून, मेण लावून झाकायची होती. कुंकू एव्हाना फिके झाले होते. मेण लावताना दादांच्या बोटाला तिथे फुगवटा लागला. दाबला तर पोपडा सुटला. बोट पाण्यातून वर ओढायचे काम पास्कलचे, तेव्हा गुन्हेगार ठरायला वेळ लागला नाही. "धक्क्यावर ठोकलीस तू. आणि सांगितलं नाहीस."

"नाय ठोकली."

"मग काय खाडीने चावा घेतला?"

पास्कलने इतकी वर्षे दादांची बोलणी हसून घेतली होती, कारण त्यांत खरे-खोटे काही नसे. ते नुसते हवामान होते. या वेळी तो हसला नाही. "ओरडतो ते ओरड रे. पण मी लपवलं म्हणतो? माझ्याच अंगणात? काढ तुझी बोट. शनिवारपर्यंत काढ."

हे मला पत्नीकडून कळले. दादांनी बोट विकायला काढली होती. ते जेवत होते, पण कोणावरही ओरडत नव्हते, आणि ती रडत मला म्हणाली, "दादा माझ्यावरसुद्धा रागावला नाही हो आज."

शनिवारी मी मार्वेहून फेरीबोटीने मनोरीला गेलो. अंगणात बोट ट्रॉलीवर बांधून तयार होती. दादा तिच्या एका बाजूला, पास्कल दुसऱ्या बाजूला, दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना. मी मधे उभा राहिलो आणि सांगितले, सगळे, नारळापासून कुंकवापर्यंत. माझा आवाज मुळात लहान. पास्कलला ऐकू जावे म्हणून मला ते दोनदा सांगावे लागले.

दादांच्या मानेची शीर उडू लागली. "जावईबापू," ते म्हणाले. "जावईबापू, आपण…" आणि तिथे तो जुना रिवाज तुटला. "अक्कल गहाण टाकली होतीस का रे? तडा गेला, जाऊ दे. चार दिवसांचं काम होतं, घासून भरला असता मी. कुंकू फासलंस? माझ्या बहिणीचं म्हणून मी त्याला हात लावला नाही, आणि तू त्याच्याखाली मीठ मुरवलंस? मूर्ख. लबाड. आणि हा गाढव तुझ्यापायी…" हा गाढव म्हणजे पास्कल. तो उठून उभा राहिला होता. "अरे हळू," तो म्हणाला, "जावय हाय तुझा."

"माहीत आहे मला कोण आहे तो."

मी मान खाली घालून ऐकत होतो. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर मी त्या दिवशी त्या घरातला झालो, असे वाटून माझे डोळे भरून आले. पण ते सुख त्या वेळी माझ्या हक्काचे नव्हते.

दादांचा दम संपला. ते पास्कलकडे वळले, आणि आयुष्यभर ओरडलेल्या त्या माणसाला हळू बोलायचा शब्द सापडेना. शेवटी खिशात हात घालून त्यांनी बूच काढले, सदऱ्याला पुसले आणि पास्कलच्या तळव्यावर ठेवून त्याची मूठ मिटली. "तुझ्याकडेच राहू दे यापुढे," ते म्हणाले. पास्कलने मुठीकडे पाहिले आणि बोटीचा दोर सोडायला सुरुवात केली.

आता दादा थकले आहेत. बोटीत कमी बसतात, आवाजही चढत नाही पूर्वीसारखा. मला पुन्हा 'आपण' म्हणू लागले आहेत आणि ते मला सलते. पण त्या दुपारी मला इतकेच दिसत होते की दादांनी आपले देणे चुकते केले आणि माझे तसेच राहिले. माझ्याकडे द्यायला बूच नव्हते. म्हणून पास्कलसमोर जाऊन, दादांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मी म्हणालो, "पास्कल, तुम्ही लपवलं नव्हतं. मी लपवलं होतं. मला माफ करा."