चार नंबरचा कॅमेरा

आमच्या गल्लीत लोक मला मान देत आले, म्हणूनच हे लिहिणं जड जातं. पण लिहिलं नाही, तर माझ्यामागे चुकीचीच हकिगत उरेल.

तमिळनाडूतल्या कुंभकोणमातली आमची गल्ली लहान. दोन्ही बाजूंना मराठी घरं, टोकाला विठ्ठलाचा भजनी मठ. मठाची किल्ली आमच्या समोरच्या घरातल्या वहिनींकडे असे. त्या माझ्या दिवंगत मित्राच्या पत्नी. पहाटे दार उघडायचं, दारात कोलमची रांगोळी काढायची, जुना पंचधातूचा टांगता दिवा लावायचा, हे काम सासूकडून त्यांच्याकडे आलेलं.

देवळांतल्या चोऱ्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि पोलिसांनी गल्लोगल्ली कॅमेरे लावायला सांगितलं. आमच्याकडे पुढाकार माझा. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं होतं, तारांची भीती नव्हती. यंत्र आणि पडदा माझ्याच पुढच्या खोलीत बसले. सभेत सगळ्यांनी सह्या केल्या, वहिनी सोडून.

"चोर वर्षाकाठी एकदा येईल, भावोजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र रोज बघाल."

सगळे हसले, मीही हसलो. पण ते बोलणं मला लागलं. ज्याला लपवायचं काही नाही त्याला भीती कसली, असं घरी येऊन मी बायकोला म्हणालो.

"मग आपल्या न्हाणीतही एक लावून घ्या," ती म्हणाली.

चार नंबरचा कॅमेरा मठाच्या दारावर होता. वायरमन देखभालीला आला तेव्हा मी तो फिरवून घेतला. आता त्यात मठाचं दार नव्हतं, वहिनींचा उंबरा होता. काय लपवतात ते बघूच, एवढाच राग. एकोणीस दिवस बघितलं. त्या शेंगा मोडत बसत, गुडघ्याला तेल चोळत, कधी एकट्याच काही पुटपुटत. लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बघत राहिलो.

विसाव्या दिवशी, द्वादशीच्या सकाळी, मठातला दिवा नाहीसा झालेला आढळला. कुलूप तोडलेलं नव्हतं. ते इतकं जुनं होतं की खिळ्यानेही उघडलं असतं, पण संशय किल्लीवर गेला. त्यातून कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्यात वहिनी दिसल्या: त्याच पहाटे फडक्यात झाकलेलं काही घेऊन कावेरीकडे निघालेल्या, आणि रिकाम्या हाताने परतलेल्या. मी तेव्हा ओट्यावर होतो. "कुठे, वहिनी?" असं विचारलंही होतं. त्यांनी मान वर केली नव्हती. हेही मी चौकशीला आलेल्या तमिळ इन्स्पेक्टरला सांगितलं.

देवघरातला बाळकृष्ण पडून हात तुटला, म्हणून नदीत सोडला, असं वहिनी म्हणाल्या. इन्स्पेक्टर मला आदराने 'अय्या' म्हणत. त्यांनी विचारलं, "अय्या, तुमच्यात असं असतं का?"

असतं. भंगलेला देव झाकून न्यायचा, वाटेत कोणाशी बोलायचं नाही. माझ्या आईने असाच नेला होता. मी तिचा पदर धरून मागे चाललो होतो. पण मी म्हणालो, "असतं. पण झाकलेल्यात काय होतं हे कोण सांगणार?"

मठाच्या दाराचं चित्रण मागितलं, तेव्हा म्हणालो, "चार नंबर बंद होता."

म्हणजे चोराला मोकळं दार मी दिलं, आणि नाव वहिनींचं लागलं. पुरावा नव्हता, म्हणून गुन्हा नोंदला गेला नाही. मठाच्या मंडळींनी किल्ली मात्र काढून घेतली. त्याच दुपारी चार नंबरचं चित्रण मी एकट्याने पाहिलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या. फडकं उघडलं, रांगता बाळकृष्ण कपाळाला लावला. हात तुटका, स्पष्ट. पुन्हा झाकलं आणि निघाल्या.

यंत्र महिन्याने सगळं पुसतं. मी ते पुसू दिलं नाही आणि दाखवलंही नाही. त्या एकोणीस दिवसांसकट पेनड्राइव्हवर उतरवून सुपारीच्या डबीत ठेवलं. आठ महिने वहिनी भजनाला आल्या त्या मठाबाहेर, पायरीखाली उभ्या राहिल्या.

मग गल्लीच्या सुरक्षेसाठी केलेल्या कामाबद्दल एकादशीला मला शाल द्यायचं ठरलं. त्या सकाळी डबी घेऊन मी समोरच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. वहिनींनी डबी हातात घेतली.

"माझा उंबरा किती दिवसांचा आहे यात?"

"वीस. पण मठात फक्त देवाचं तेवढं दाखवतो."

"तेही नको. तो देव मी झाकून नेला होता, भावोजी. तोंडाने सांगा."

"नुसत्या तोंडाचं कोण ऐकेल?"

"माझं नाही ऐकलं. तुमचं ऐकतील."

त्यांनी वरवंटा आणला आणि पायरीवर त्या पेनड्राइव्हचा चुरा केला. आता माझ्यापाशी फक्त जीभ उरली.

संध्याकाळी शाल खांद्यावर पडण्याआधी मी उभा राहिलो. फिरवलेला कॅमेरा, एकोणीस दिवस, इन्स्पेक्टरला दिलेलं खोटं, तुटका हात, सगळं सांगितलं. मृदंग वाजवणारे थोरले काका म्हणाले, "स्वतःविरुद्ध इतकं खोटं कोण रचेल? शाल घडी करून ठेवा. आणि वहिनींना आत बोलवा."

वहिनी पायरी चढून आत आल्या. किल्ली पुढे केली तर घेईनात.

"आधी चार नंबर फिरवा."

मठभर हसू फुटलं. तिथल्या तिथे शिडी आली. कॅमेरा मठाच्या दारावर वळला, तेव्हा कुठे किल्ली त्यांच्या कमरेला लागली. त्या दिवशीचं भजन कोणालाच आवरतं घेववेना.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात लेखी जबाब दिला. "चोरापेक्षा तुम्हीच आम्हाला जास्त फिरवलंत, अय्या," इन्स्पेक्टर म्हणाले. पुढे जे होईल ते भोगायची तयारी आहे. यंत्र माझ्या घरातून मठाच्या कपाटात गेलं. कपाटाला दोन कुलुपं, एक किल्ली वहिनींकडे, दुसरी थोरल्या काकांकडे. तक्रार आली तरच उघडायचं, तेही दोघांनी मिळून. कॅमेरे काढा असं वहिनी एकदाही म्हणाल्या नाहीत.

जुना दिवा सापडला नाही. जवळच्या स्वामीमलै गावच्या ओताऱ्याकडून नवा करून घेतला. आणायला वहिनी आणि मी बसने गेलो. दिवा झाकायला मी पंचा पुढे केला.

"हा कशाला झाकायचा?" त्या म्हणाल्या.

मांडीवर उघडा दिवा घेऊन त्या खिडकीशी बसल्या. कंडक्टरने विचारलं, त्याला सांगितलं. मागच्या बाकावरच्या बायकांनी विचारलं, त्यांनाही. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर ओट्याओट्यावरून लोक विचारत होते, "काय आणलंत, वहिनी?" आणि वहिनी प्रत्येक दारासमोर थांबून, दिवा वर धरून, पहिल्यापासून सांगत होत्या.